एकोणीस मिनिटांवरचं घर

नवी मुंबईला कोणी पाहायला म्हणून जात नाही. लोक तिथे नोकरीला जातात, लग्नाला जातात, नाहीतर दवाखान्याला. मी घर शोधायला गेले होते. चार दिवस राहून परत आले, तेव्हा देवरुखच्या शेजाऱ्यांनी विचारलं, "काय काय पाहिलंत?" सांगण्यासारखं काही सुचलं नाही. आता पंधरा दिवसांनी, सावकाश, लिहून पाहते आहे.

आधी जाण्याचं कारण. मी शाळेत ग्रंथपाल होते, माझी ताई तालुक्याच्या कोर्टात लिपिक. दोघींनीही लग्न केलं नाही. कारणं वेगवेगळी होती आणि आता ती जुनी झाली आहेत. निवृत्तीनंतर ताईच्या हृदयाची एक झडप नीट चालेना. माझ्या डोळ्यांत त्याच सुमारास काचबिंदू निघाला. दोन्ही आजार ज्या एका गावात सांभाळता येतील असं गाव म्हणून ताईने नवी मुंबई निवडली. कोर्टात राहिल्यामुळे तिला अटी घालायची सवय होती. अटी तीन: दवाखाना पायी गाठता यावा, भाजीबाजार त्याच वाटेवर असावा, आणि भाडं आपल्या पेन्शनमध्ये बसावं. गेल्या दिवाळीच्या आधी ताई गेली. अटी राहिल्या.

दवाखाना पायी का, तर डोळे तपासताना बाहुल्या मोठ्या करायचं औषध घालतात. पुढे दोन-तीन तास सगळं जग दुधात बुडवल्यासारखं दिसतं. रत्नागिरीला तपासणी झाली की ताई माझं कोपर धरून मला एसटी स्टँडपर्यंत चालवत आणायची आणि वाटेतल्या पाट्या मोठ्याने वाचून दाखवायची. "अमृततुल्य. पुढे झेरॉक्स. पुढे एक शिवणक्लास, त्यात 'शिवण'चा व पुसलाय." मला वाटायचं, मला दिसत नाही म्हणून वाचते. फार उशिरा लक्षात आलं की पाटी वाचायला म्हणून ती थांबायची, आणि थांबायची ती दम खाण्यासाठी. मला काही दिसत नसतानासुद्धा तिला तो दम माझ्यापासून लपवायचा होता.

आता पाट्या वाचून दाखवणारं कोणी नाही. म्हणजे मला असं घर हवं होतं, जिथला दवाखान्याचा रस्ता मी न दिसता चालू शकेन.

वाशी, मंगळवार

उतरले शुभांगीकडे, सानपाड्याला. ती माझ्या शाळेची विद्यार्थिनी. मधल्या सुट्टीत ग्रंथालयात येऊन बसायची. आता महापेला एका कंपनीत आहे, केस पिकायला लागलेत, तरी मला "बाई" म्हणताना उभी राहते. तिने एका एजंटला सांगून ठेवलं होतं. कैलास त्याचं नाव. चाळिशीचा, सानपाडा गावातलाच, पोट सुटलेला, शर्टाच्या खिशात दोन फोन.

"मावशी, घाबरू नका," तो पहिल्याच वाक्यात म्हणाला. "घर भेटणार. फक्त एकटी बाई, त्यात सीनियर, म्हटल्यावर मालक जरा आढेवेढे घेतात. बाकी काय नाय."

वाशीचे रस्ते रुंद आहेत, झाडं मोठी आहेत आणि घरांना नावांऐवजी आकडे आहेत. सेक्टर इतका, प्लॉट इतका. मला ते आवडलं. पुस्तकं लावावीत तशी माणसं लावलेली. आमच्याकडे पत्ता विचारला तर "वडाच्या पुढे, विहिरीच्या अलीकडे, ज्यांच्या म्हशीला रेडकू झालं त्यांच्या शेजारी" असं सांगतात. मात्र इथले आकडे ओळीने येत नाहीत. एका सेक्टरच्या पलीकडे पुढचाच सेक्टर असेल असं धरून मी चालायला लागले आणि कैलासने मला परत वळवलं. माझ्या ग्रंथालयात कपाटं अशी लावली असती, तर मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं असतं.

घर तळमजल्यावर होतं. एक खोली, स्वयंपाकघर, मागे हातभर बाल्कनी, समोर तगरीचं झाड. मला आवडलं. मी म्हणाले, "आता इथून डोळ्यांच्या दवाखान्यापर्यंत चालून पाहू."

"रिक्षाने जाऊ ना. दोन मिनटं."

"नाही, चालतच. ती आमची पद्धत आहे."

घड्याळ लावून निघालो. वाटेत औषधांचं दुकान होतं, फळवाले होते, चष्म्यांची दोन दुकानं समोरासमोर. मी पाट्या पाहत, थांबत गेले. कैलास दर वेळी दोन पावलं पुढे जाऊन परत यायचा. "मावशी, बरं वाटतंय ना? पानी आनू?" चोवीस मिनिटं लागली. जरा जास्तच, पण चालण्यासारखी.

संध्याकाळी एकटीच घाऊक बाजाराच्या बाजूला गेले. चैत्र अर्धा उलटला होता. हातगाडीवर गवतात मांडलेले हापूस. गाडीवाला म्हणाला, "घ्या मावशी, रत्नागिरी ओरिजिनल." मी फळ हातात घेतलं, देठाशी वास घेतला. ते आमच्याकडचं नव्हतं. त्याला तसं सांगितलं नाही. एक डझन घेऊन आले. शुभांगीच्या घरी सगळ्यांनी गोड आहेत म्हणून खाल्ले आणि गोड होतेच.

टेकड्यांच्या पायथ्याशी, बुधवार

पनवेलच्याही पुढे ज्येष्ठांसाठी खास बांधलेली वसाहत आहे. शुभांगीला ती मला दाखवायचीच होती, म्हणून तिने रजा टाकली.

जागा देखणी आहे. जिथे हात जाईल तिथे पकडायला दांडा, न्हाणीघरात ओढायची दोरी, ओढली की खाली घंटा वाजते. दवाखान्यात न्यायला गाडी, मंगळवारी आणि शुक्रवारी बाजारात न्यायला गाडी. माहिती देणारी मुलगी गोड बोलत होती. ग्रंथालय दाखवा म्हटल्यावर तिने एक काचेचं कपाट दाखवलं. कुलूप होतं. "चावी ऑफिसमध्ये असते, मॅडम. कोणी मागत नाही."

बागेत एक बाई बसल्या होत्या, माझ्याच वयाच्या. मुलगी पत्रकं आणायला गेली तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं.

"राहायला येताय?"

"पाहतेय अजून."

"जेवण चांगलं असतं," त्या म्हणाल्या. मग ऑफिसच्या दाराकडे पाहून, "गाडीची वेळ झाली की जायचं, गाडीची वेळ झाली की यायचं. गेल्या बुधवारी मला नुसती कोथिंबीर हवी होती. शुक्रवारपर्यंत थांबले."

"आणली का मग?"

"शुक्रवारी आठवलं नाही."

आम्ही दोघी हसलो. त्या माझ्यापेक्षा जरा जास्त वेळ हसत राहिल्या.

ऑफिसात एक अर्ज भरायला दिला. नाव, वय, आजार. खाली चौकट होती: तातडीच्या वेळी कोणाला कळवावे. तिथे पेन टेकवून मी थांबले. शुभांगीने ते पाहिलं आणि "बाई, माझं लिहा ना" म्हणाली. तिचा मुलगा दहावीला, सासरे गावी अंथरुणाला. मी म्हणाले, "आधी अनामत रक्कम किती ते तरी विचार." रक्कम ऐकल्यावर अर्ज पुरा करण्याची गरज उरली नाही. ताईची तिसरी अट. परतताना शुभांगी गाडीत माझी समजूत काढत होती. माझी निराशा झाली असं तिला वाटत होतं. खरं तर मला सुटल्यासारखं झालं होतं.

सानपाडा, गुरुवार

या दिवशी मी बाहेर कुठेच गेले नाही, म्हणजे घराच्या दारापर्यंतच गेले. घरातली सगळी साडेसातला बाहेर पडतात. मागाहून मी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडून पाऊल बाहेर टाकलं आणि दार मागे आपोआप लागलं. खटका बसला. आमच्याकडचं दार लावल्याशिवाय लागत नाही. लावलं तरी जरा उचलून ढकलावं लागतं. इथलं दार माणसाची वाट पाहत नाही. फोन आत, चष्मा आत, शुभांगीचा नंबर फोनमध्ये. घरातला गाउन, अनवाणी पाय आणि हातात दुधाची पिशवी अशी मी पाचव्या मजल्यावर उभी राहिले.

समोरच्या घराला आत लाकडी दार आणि बाहेर लोखंडी जाळीचं दार. लाकडी दार उघडलं. एका बाईंनी जाळीतून पाहिलं.

"दार लागलं," मी म्हणाले.

"अरे बापरे," त्या म्हणाल्या. आत गेल्या. मग जाळीचं दार वीतभर उघडून त्यांनी एक प्लास्टिकची खुर्ची बाहेर सरकवली, त्यावर वर्तमानपत्र ठेवलेलं. दुधाची पिशवी घेतली. "फ्रिजमध्ये ठेवते हं, नासेल." दार परत लागलं. चांगुलपणाच होता तो. मी बसले. चष्मा नसल्याने मथळेच वाचता येत होते, ते सगळे वाचले. लिफ्ट वर-खाली जात होती आणि पाचव्यावर थांबत नव्हती.

साडेदहाच्या सुमारास थांबली. कैलास.

"मावशी! फोन का नाय उचलत? सकाळपासून सहा वेळा लावला. मला टेन्शन आलं. आनि तुमी हितं पेपर वाचताय?"

मी सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. जिन्याच्या पायरीवर टेकला आणि मान खाली घालून म्हणाला, "ते वाशीचं नाय होनार. मालक नाय बोलले."

"का?"

"चूक माजी. मी त्यांना चांगल्यासाठी बोललो, की मावशीला दम लागतो, तर ग्राउंड फ्लोअर तिलाच द्या. तर ते बोलले, एकटा पेशंट नको. उद्या काय झालं तर सोसायटी आमच्या डोक्यावर बसते."

"पण मला दम लागत नाही."

"मावशी, आता माज्यापासून काय लपवता? दर चार खांबांनी थांबत होतात. मी मोजलं ना. थांबायचं, कुठलीतरी पाटी वाचायची, मग परत चालायचं. माजा बाप असंच करायचा. तो पाट्या नाय वाचायचा, विडी पेटवायचा."

मी थांबत होते हे मला माहीतच नव्हतं. मला वाटत होतं, मी रस्ता पाठ करते आहे. मग मी त्याला ताईबद्दल सांगितलं. देवरुखातही कोणाला इतकं सांगितलं नव्हतं: पाट्या, दम, आणि माझ्या लक्षात यायला झालेला उशीर. पाचव्या मजल्यावर, गाउनमध्ये, एका एजंटला. चोवीस मिनिटं माझी नव्हतीच, तिची होती. ती गेल्यावरही मी दोघींना पुरेल असं घर शोधत होते आणि तिच्या चालीने रस्ते मोजत होते.

कैलास बराच वेळ दोन्ही फोन हातात फिरवत बसला.

"म्हंजे तुमी फिट हाय?"

"हो. डोळे सोडले तर."

"मग आधी बोलायचं ना मावशी! मी अजून दोघांना सांगून बसलोय, पेशंट हाय म्हनून!"

तेवढ्यात समोरचं लाकडी दार पुन्हा उघडलं. त्या बाई इतका वेळ आतूनच ऐकत असाव्यात, कारण डोळे पुसत होत्या. "तुम्ही शुभांगीच्या बाई का? ती नेहमी सांगते तुमच्याबद्दल." मग जरा ओशाळून, "तिची दुसरी चावी असते माझ्याकडे. मला वाटलं, तुम्ही कोणाची तरी वाट बघताय. तुम्ही विचारलंच नाही."

मी विचारलं नव्हतं हे खरं. आमच्या गावात विचारावं लागत नाही, म्हणून मला सुचलं नाही; त्यांच्या इमारतीत न विचारता बोलत नाहीत, म्हणून त्यांना सुचलं नाही. तीन तास चावी माझ्यापासून चार हातांवर होती.

सानपाडा गाव, शुक्रवार

"सोसायटीचा नाद सोडा," कैलास म्हणाला. "माज्या आत्याकडे चला. तिकडं कमिटी नाय. आत्या बोलेल तो कायदा."

उंच इमारतींच्या मधोमध जुनं गाव आहे. नकाशावर सरळ येणारा रस्ता तिथे आला की वाकतो, अरुंद होतो. एका बाजूला देऊळ, घरावर घर चढवलेलं, खाली किराणा, वर भाडेकरू. इथली माणसं आगरी. त्यांची भातशेती होती, मिठागरं होती. त्यावर हे शहर उभं राहिलं. आता त्यांच्या घरांत शहराची माणसं भाड्याने राहतात.

आत्या सत्तरीच्या पुढच्या, काटक, नऊवारी गुडघ्याच्या वर खोचलेली. ओट्यावर जवळा निवडत बसल्या होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "हीच का गो ती, दम लागनारी?"

"आत्या, बोललो ना, नाय लागत!"

"मना तिला इचारू दे. तू गप." मग माझ्याकडे पाहून, "कुठशी आयलीस?"

"देवरुखहून."

"खातंस ना जवळा? नायतर खोलीभर वास येल न नाक दाबून बसशील."

मी खाली बसून जवळा निवडायला घेतला. आमच्याकडे ही बारीक कोळंबी पावसाळ्याच्या बेगमीला उन्हात वाळवून ठेवतात, कैरी घालून करतात. आत्या म्हणाल्या, त्याही कैरीच घालतात, पण आधी कांदा करपवतात. यावर आमचं थोडं वाजलं. दिवाळीनंतर पहिल्यांदाच मी कोणाशी कांद्यावरून वाद घातला.

खोली मागच्या बाजूला, तळमजल्यावर. एक खिडकी गल्लीत उघडणारी, एक आत्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. भिंतीवर पुस्तकांचं कपाट बसेल का ते मी वितीने मोजलं. बसत होतं. भाडं आत्यांनी सांगितलं, तेही बसत होतं. अकरा महिन्यांचा करार आणि पोलिसांकडचा कागद कैलास करणार होता. आत्यांची अट एकच होती.

"सकाळी सातला ती गल्लीची खिडकी उघडायची. नाय उघडली तर मी दार ठोकनार. तरी नाय उघडली तर कैलास तोडनार. मागून बोलू नको, दार तोडलं म्हनून."

"बरं," मी म्हणाले. त्या अर्जातल्या चौकटीत काय लिहायचं ते मला तेव्हा कळलं.

जेवायला बसवलंच त्यांनी. तांदळाची भाकरी, कांदा करपवलेला जवळा. चांगला होता. तसं मी कबूल केलं नाही.

जेवणानंतर मी म्हणाले, "इथून त्या डोळ्यांच्या दवाखान्यापर्यंत चालून पाहते." कैलासने कपाळाला हात लावला. एकटीच निघाले. या वेळी माझ्या चालीने चालायचं असं ठरवलं होतं, पण गल्लीच्या तोंडाशी पिठाच्या गिरणीची पाटी आली आणि पाय थांबले. पुढे सायकलींचं दुकान. पुढे एका दातांच्या डॉक्टरांची पाटी, तिच्यावर कबुतर. मंडई वाटेवरच होती. दवाखान्याच्या दारात घड्याळ पाहिलं. एकोणीस मिनिटं. ताईला जमलं असतं. मधे मंडईत भाजी घ्यायला थांबायचं निमित्त मिळालं असतं, आणि तिने मला विनाकारण मेथी निवडून दाखवली असती.

परत आले तर आत्या पायरीवर पिशवी घेऊन उभ्या. "किती लागले?"

"एकोणीस."

"ह्या!" त्या म्हणाल्या. "मी अकरात जातंय. चल, मना बाजारात जायचंच हाय. तुजे पाय बगू दे."

त्या निघाल्या त्या निघाल्याच. अनवाणी, पिशवी काखेत, रिक्षावाल्याला हातानेच बाजूला करत. मी मागे. गिरणी गेली, सायकली गेल्या, कबुतर दिसलंच नाही. एकदा मी रेंगाळले, तर मागे न वळता म्हणाल्या, "पाय तर चांगले हायेत गो तुजे." त्यानंतर मी थांबले नाही. मंडईच्या तोंडाशी, गावाकडे जाणाऱ्या लांब भिंतीवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "डोळ्यान औषध घातलं की दिसत नाय ना तुला? मग येताना ह्या भिंतीला हात लावून ये. भिंत संपली का माजं घर." आणि मासळीच्या ओळीकडे वळल्या. "वैशाखान ये. घर धुऊन ठेवतंय."

दवाखान्याच्या दारात मी एकटी पोहोचले. अकरा मिनिटं. श्वास जरासा वर आला होता, पण माझाच होता. दाराशी एक बाक आहे, आत जाणाऱ्यांबरोबर आलेली माणसं त्यावर बसतात. एक टोक रिकामं होतं, तिथे मी बसले. शेजारी थोडी जागा सोडली. कुठे जायची घाई नव्हती. समोरच्या पाट्या एकेक करून मनात वाचल्या, आणि उरलेली आठ मिनिटं ताईची वाट पाहिली.

आठ मिनिटं झाली, तेव्हा उठले.